हेडनोटची वकिली

'जजमेंट लावली का?' हा प्रश्न जळगाव आणि धुळ्याच्या न्यायालयांच्या आवारात रोज ऐकू येतो. लावली म्हणजे दाखल केली. सात-आठ निवाड्यांच्या झेरॉक्स, वर एक यादी, यादीत प्रत्येक निवाड्याचं नाव आणि सायटेशन, मधल्या काही ओळींवर पिवळा हायलायटर. 'जजमेंट वाचली का?' असं मात्र फारसं कुणी कुणाला विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे निवाडे दाखल होतात, वाचले जात नाहीत. ही सवय बार रूममध्ये हसण्यावारी नेली जाते. पण तिची किंमत वकील मोजत नाही. एरंडोलहून, साक्रीहून, शिरपूरहून एसटीने येऊन बाकावर बसलेला, 'साहेब, केसनं काय व्हयनं?' एवढंच विचारू शकणारा माणूस ती मोजतो. त्याला इंग्रजी येत नाही, सायटेशन म्हणजे काय ते माहीत नाही, आणि आपण हरलो ते कशामुळे हे त्याला कधीच कळत नाही. डॉक्टरने रिपोर्ट न बघता औषध दिलं तर निदान गुण येत नाही एवढं तरी रोग्याला कळतं. इथे तेही कळत नाही.

वरचा थर

निवाड्याच्या सुरुवातीला जो सारांश छापलेला असतो, तो म्हणजे हेडनोट. तो न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो. निवाडे छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक तो लिहितो, वाचणाऱ्याला निवाडा आपल्या कामाचा आहे का हे पटकन कळावं म्हणून. कायदा म्हणून त्याला काहीही वजन नाही. कापूस विकायला नेला तर व्यापारी गाडीच्या आत हात खुपसून बघतो, वरचा थर बघून भाव देत नाही. आपल्याकडे वरच्या थरावर अख्खा युक्तिवाद उभा राहतो.

यात काय बिघडतं ते पाहायला दूर जायला नको. जळगाव, धुळे आणि जालना हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या एकाच, औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. आक्षेप असा होता की खोतकरांचे उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे २७ सप्टेंबर २०१४ च्या दुपारी तीनच्या आत, आलेच नव्हते. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

हा निकाल आज देशभर दाखवला जातो तो एका वाक्यासाठी: इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. हेडनोट वाचणारा वकील इथेच थांबतो. समोरच्याकडे मोबाइलची क्लिप आहे, प्रमाणपत्र नाही, म्हणून खोतकर निवाडा लावून मोकळा होतो.

आता त्यातल्या घटना वाचा. त्या खटल्यात आवश्यक ते प्रमाणपत्र नव्हतंच, आणि तरीही याचिका करणारे जिंकले! कारण त्यांनी ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं. अधिकाऱ्यांकडे मागितलं, न्यायालयाकडे विनंती केली, तरी ते मिळालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाणपत्र सक्तीचं आहे खरं, पण ज्याने हातातलं सगळं करून पाहिलं, त्याला अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही. शिवाय उच्च न्यायालयाचा निकाल केवळ त्या चित्रीकरणावर उभा नव्हता, इतर पुरावाही होता.

म्हणजे हाच निवाडा प्रमाणपत्र नसलेल्या पक्षकाराच्याही कामाचा आहे, पण एका अटीवर: त्याच्या वकिलाने वेळेत लेखी मागणी केलेली असली पाहिजे, नकार रेकॉर्डवर आणलेला असला पाहिजे, न्यायालयाकडे अर्ज केलेला असला पाहिजे. निवाडा वाचलेला वकील हे अर्ज पुरावा सुरू असतानाच करतो. न वाचलेला वकील अंतिम युक्तिवादाच्या दिवशी हेडनोट घेऊन उभा राहतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. याच साठी निवाडा पूर्ण वाचायचा. १ जुलै २०२४ पासून ६५ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना आता दोन भागांचा झाला आहे, एक भाग पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. जुना नमुना कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना हा भाग दोन बहुधा विरोधी वकीलच शिकवतो.

निवाडा म्हणजे सुविचार नव्हे

लॉर्ड हॅल्सबरींनी १९०१ मध्ये क्विन विरुद्ध लीदम या खटल्यात एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अनेकदा उचलून धरली आहे. निवाडा फक्त त्याने प्रत्यक्ष ठरवलेल्या मुद्द्यापुरता आधार असतो. त्यातलं प्रत्येक वाक्य त्या खटल्याच्या हकिकतीत वाचायचं असतं. वाक्य उचलून वेगळ्या हकिकतीला चिकटवलं की तो कायदा राहत नाही, सुविचार होतो.

म्हणून निवाडा वाचणं म्हणजे पाच गोष्टी कागदावर उतरवणं: घडलं काय, न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, उत्तर काय दिलं, कारण काय दिलं, आणि तो निवाडा आज जिवंत आहे का. यातल्या चौथ्या गोष्टीलाच कायद्याच्या भाषेत 'रेशो' म्हणतात. पाचवी गोष्ट तर सर्रास विसरली जाते.

मुलींच्या वाट्याचंच घ्या. खान्देशात वाटपाचे दावे काही कमी नाहीत, आणि त्यात बहीण वादी आणि भाऊ प्रतिवादी हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. त्याआधी महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मग २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती निवाडा आला: २००५ च्या त्या तारखेला मुलगी आणि वडील दोघंही हयात हवेत. २०१८ मध्ये दानम्मा निवाड्याने वेगळा सूर लावला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गोंधळ संपवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. फुलवतीतली ती अट गेली.

पण फुलवती निवाडा इंटरनेटवरून गेला नाही. शोधलं की तो आजही येतो, अगदी व्यवस्थित हेडनोटसकट. 'वडील २००२ लाच वारले, तुमचं काही होत नाही' असं एखाद्या बाईला वकिलाच्या खुर्चीतून सांगितलं गेलं, तर ती बाई दावाच लावत नाही. तिच्या पराभवाची नोंद कुठल्याच रोजनाम्यात होत नाही.

दुसऱ्या बाजूचा वकीलही न वाचता तरत नाही. विनीता शर्मा निवाड्यात भावाच्या बाजूचंही काही आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप सुरक्षित आहे. तोंडी वाटपाचा बचाव सहसा चालत नाही, मात्र सार्वजनिक कागदपत्रांचा पक्का आधार असेल तर अपवादाला जागा आहे. मग तलाठ्याकडचा फेरफार त्यात बसतो का, किती बसतो, सोबत आणखी काय लागेल? खरी वकिली इथून सुरू होते. 'मुलींना समान हक्क' ही ओळ तर वर्तमानपत्रातही मिळते.

चेकचंही तेच. रावेरच्या केळी उत्पादकाला दिल्लीच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आला, तर फिर्याद कुठे करायची? २०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड निवाड्याप्रमाणे चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथे, म्हणजे दिल्लीला. २०१५ मध्ये संसदेने कायदाच बदलला. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपली शाखा ज्या न्यायालयाच्या हद्दीत, तिथे. म्हणजे घराजवळ. नुसतं 'सर्वोच्च न्यायालयाचा तीन न्यायमूर्तींचा निवाडा' एवढं बघून सल्ला देणारा वकील त्या शेतकऱ्याला फुकट दिल्लीला पाठवू शकतो.

आणि कलम ४८२. दंड प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, एफआयआर रद्द करून घ्यायला त्याच्याखाली जायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले. जुन्या आणि नव्या निवाड्यांत एकच आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. कुठला निवाडा कुठल्या संहितेखालचा, हे आत शिरल्याशिवाय कळणार नाही.

'खाली फक्त फॅक्ट्स चालतात'

या सगळ्यावर बार रूममधलं ठरलेलं उत्तर असतं: 'हे हायकोर्टाचं झालं. खाली फॅक्ट्स चालतात, लॉ नाही.' हे उत्तर अनुभवाचं वाटतं, पण ते उलटं आहे. कुठल्या घटना सिद्ध करायच्या आणि कशाने, हे कायदाच सांगतो. तो माहीत नसेल तर फॅक्ट्स चालवणार तरी कशा?

जळगावातलं उदाहरण देतो. आज जिथे खान्देश सेंट्रल आहे, तिथे पूर्वी खान्देश मिल होती. त्या मिलचा आणि राष्ट्रीय गिरणी कामगार संघाचा बोनसचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० मध्ये निकाल लागला. मिलचं म्हणणं होतं की आमचा राखीव निधी खेळतं भांडवल म्हणून वापरला आहे, तर बोनसचा हिशेब करताना त्यावरचा परतावा आधी वजा करा. आधार काय, तर ताळेबंद. न्या. के. सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निवाड्यात म्हटलं की निधीचा किती भाग खरोखर असा वापरला हा घटनेचा प्रश्न आहे. त्यासाठी ताळेबंदातला आकडा पुरत नाही. प्रतिज्ञापत्राने किंवा अन्य पुराव्याने ते सिद्ध करायला हवं, आणि समोरच्याला उलटतपासाची संधी मिळायला हवी. कंपनीचा छापील कागद हा आपोआप पुरावा होत नाही, हे तत्त्व पुढच्या बोनसच्या खटल्यांमध्ये वारंवार आधाराला घेतलं गेलं. जळगावच्या कामगारांच्या भांडणातून निघालेलं हे तत्त्व जळगावच्या किती वकिलांना माहीत असेल?

पुरावा खालच्याच न्यायालयात घ्यायचा असतो. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेता येत नाही, आणि दिवाणी दाव्यातलं दुसरं अपील तर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतंच ऐकलं जातं. जी निशाणी जिल्ह्यात पडली नाही, ती खंडपीठात उगवत नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणाचा प्रचंड खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला निकाल लागला. त्यानंतर 'आपलं काय, छोटं कोर्ट' असं म्हणायची सोय धुळ्यात कुणालाच राहिलेली नाही.

सबबी, खऱ्या आणि खोट्या

पूर्वी एक सबब खरी होती. निवाड्यांचे खंड महाग होते, ते असायचे मोठ्या सीनियरच्या कपाटात, आणि तालुक्याच्या वकिलाला ते बघायलाही मिळत नसत. ती आता संपली. 'इंडियन कानून' २००८ पासून फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे निवाडे 'ई-एससीआर'वर सर्वांना खुले केले. ज्या फोनवर दुपारभर रील बघता येतात, त्यावर हे सगळं बघता येतं.

इंग्रजीची सबब अर्धी खरी आहे. जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी, आणि वरच्या न्यायालयांचे निवाडे इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्या पोराला चाळीस पानांचा इंग्रजी निवाडा भिंतीसारखा वाटतो, यात त्याचा दोष नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निवाड्यांचे मराठी अनुवाद आता संकेतस्थळावर मिळतात. अनुवाद समजून घ्यायला वापरायचा आणि न्यायालयापुढे मूळ ठेवायचं.

पैशाची सबब सगळ्यात खरी आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. संशोधन करतो ज्युनिअर, आणि ज्युनिअरला मिळतं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं म्हटलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्याला पेट्रोलपुरतेही पैसे मिळत नाहीत, तो रात्री निवाडा वाचत बसेल ही अपेक्षा करणारे सीनियर स्वतःची फसवणूक करतात आणि पक्षकाराची दुप्पट. फीमध्ये वाचनाचा मेहनताना धरलेला असतो. तो वाचणाऱ्यापर्यंत पोचत नसेल तर तो गेला कुठे?

'न्यायाधीशच वाचत नाहीत' हीही तक्रार असते. समोर आठ निवाड्यांचा गठ्ठा, बोर्डावर ढीगभर प्रकरणं, आणि कुठला परिच्छेद बघायचा ते सांगितलेलं नाही, तर कोण वाचेल? एकच निवाडा द्या, परिच्छेद क्रमांक द्या, त्यातली हकीकत आणि आपली हकीकत चार ओळींत शेजारी-शेजारी मांडा. एवढं करूनही दुर्लक्ष झालं तर अपिलात बोलायला निदान जागा राहते. गठ्ठ्याने तीही राहत नाही.

आता यंत्र लिहून देतं

न वाचण्याच्या सवयीला आता नवीन साथीदार मिळाला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विमानप्रवासात जखमी झालेल्या एका प्रवाशाच्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न्यायालयात सादर केले. त्यातले कित्येक निवाडे जगात कुठेच नव्हते. त्या वकिलाने यंत्रालाच विचारलं होतं की हे खरे आहेत ना, आणि यंत्र हो म्हणालं होतं. पाच हजार डॉलरचा दंड झाला. हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा आयकर निर्धारणाचा आदेश रद्द केला. इतर त्रुटींबरोबर त्यात आधाराला घेतलेले निवाडेच अस्तित्वात नव्हते.

यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जो वकील हेडनोटवर समाधानी होता, त्याला यंत्राने दिलेली हेडनोट खरी की खोटी हे कळणार कसं? निवाडा उघडून बघणाऱ्याला असं यंत्र फसवू शकत नाही. शोधायला त्याची मदत जरूर घ्या. पण त्याने दिलेलं प्रत्येक नाव मूळ जागी जाऊन बघायचं, आणि तिथे सापडलं नाही तर ते नाव काढून टाकायचं.

मूळ जागी जाऊन बघायचं, हे निदान धुळ्याला तरी कुणी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा काळ या शहरात घालवला आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच देह ठेवला. गावोगाव पायपीट करून, वाड्यांमधली दप्तरं उघडून त्यांनी मूळ कागद जमवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड काढले. आधी अस्सल कागद, मग मत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाचं संशोधन मंदिर आजही धुळ्यात उभं आहे. त्या शहरात न वाचलेल्या निवाड्यांची यादी सादर व्हावी, हे शोभत नाही.

काय करायचं

वकील संघांनी महिन्यातून एक संध्याकाळ एका निवाड्याला द्यावी. भाषण नको, सत्कार नको. पाच प्रश्नांची उत्तरं एका ज्युनिअरने मांडायची आणि इतरांनी ती खोडायची. विधी महाविद्यालयांनी परीक्षेत निवाड्याचं नाव आणि चार ओळी विचारणं थांबवून, पूर्ण निवाडा हातात देऊन त्यातला रेशो विचारावा. न्यायाधीशांनी यादी दाखल करणाऱ्याला एकच विचारावं: 'यातल्या घटना सांगा.' दोन-तीनदा विचारलं की गठ्ठे आपोआप पातळ होतील.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, तुमच्या घरातही एखादं प्रकरण न्यायालयात असेल. वडिलांना किंवा आजीला प्रकरणाचा सीएनआर क्रमांक विचारा, तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाका आणि शेवटचे आदेश स्वतः वाचा. वकिलांना भेटायला जाल तेव्हा नम्रपणे तीन गोष्टी विचारा. साहेब, तुम्ही लावलेल्या या निवाड्यात जिंकलं कोण? त्याची हकीकत आपल्यासारखी कुठे आहे? आणि नंतर तो बदलला तर नाही ना? चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही, खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो. जो रागावेल, त्याच्याकडचं वकीलपत्र काढून घ्यायचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.